आधी पाट, मग जाते

जुनी पाणचक्की पुन्हा चालवायची म्हटले की सगळ्यांची नजर जात्याकडे वळते. आम्हा चुन्या-दगडाचे काम करणाऱ्यांनी मात्र आधी पाण्याच्या वाटेने चालायला हवे. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की घ्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात, खाम नदीच्या काठी, ती १७४४ च्या सुमारास तुर्कताज खानाने बांधवली. तिच्या पिठावर फकीर, अनाथ आणि वाटसरू जेवत. चक्कीची रचना तशी साधी: पाण्याचा झोत लोखंडी पात्यांवर आदळतो आणि त्या जोरावर वरची तळी फिरते. खरी करामत आहे ती डोंगराकडच्या झऱ्यापासून जमिनीखालून मैलोन्मैल आलेल्या खापरी नळांत. उतार आणि दाब यांच्याच बळावर पाणी उंच भिंतीवर चढते आणि तिथून हौदात कोसळते. तळी गुळगुळीत झाली तर टाकी लावणारा एका दिवसात तिला पुन्हा धार देईल. पण नळाच्या सांध्यात झाडाचे मूळ शिरले तर नुसत्या जात्याचा काय उपयोग?

यावर कोणी म्हणेल, पंप बसवा, चाक फिरेल, लोक बघतील. फिरेल खरे, पण वीज जाळून पाणी चढवायचे आणि त्या पाण्याने जाते फिरवायचे, यात पाणचक्कीचे मर्मच हरवते. दुसरा सल्ला सिमेंटचा. सिमेंट कठीण असते, हे मान्यच. पण जुन्या मऊ विटेला आणि खापरीला तो कठीणपणाच नडतो. जमीन जराशी हलली की सांधा शाबूत राहतो आणि खापरी तडकते. चुना थोडा हलतो, ओल बाहेर सोडतो, बारीक भेगा स्वतःच भरून काढतो.

तरी चुनासुद्धा पुरेसा नाही, हे आपल्या नाशिक जिल्ह्यातच शिकायला मिळते. बागलाणात मोसम नदीवरच्या फड बंधाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शेते भिजवली, ती दगडाइतकीच माणसांच्या जोरावर. पाटकरी पाळी धरून पाणी फिरवी, हंगामाआधी सगळे मिळून पाटातला गाळ काढीत. विहिरी आणि मोठी धरणे आली, नदीचे पाणी आटले, मग फडही मोडकळीला आले. नुसत्या देखभालीने ते वाचले असते असे मी म्हणणार नाही. मात्र झऱ्याला पाणी असूनही गाळाने कोंडलेला पाट माणसांअभावीच मरतो. म्हणून पाणचक्कीच्या अंदाजपत्रकात जात्याच्या खर्चाआधी दरवर्षी नळ उपसणाऱ्या माणसांची मजुरी धरावी, आणि झऱ्याभोवतीच्या बोअरवेलना आळा घालण्याचे गावाकडून लेखी घ्यावे.