अंगणातली फरशी

आमचं घर दापोली तालुक्यातल्या एका लहानशा गावात. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे ओटी आणि ओटीपुढे अंगण. ह्यांच्या निवृत्तीनंतर, २०१८ साली, ठाण्याचं बिऱ्हाड आवरून आम्ही इथे राहायला आलो. तोवर ह्या अंगणाशी माझा संबंध मे महिन्यापुरताच. पावसाळा सरला की सासूबाई गडी लावून अंगण चोपून घेत, शेणाने सारवीत. आम्ही यायचो ते आयत्या अंगणात.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि अंगणातला फणस मुळांसकट उपटला गेला. पडताना त्याने अर्धं अंगण उखडलं. मागच्या गोठ्याची भिंत ढासळली. तुळशीवृंदावन मात्र हातभर अंतरावरून वाचलं.

मी म्हटलं, आता दरवर्षीचं ते चोपणं-सारवणं पुरे. एकदाच काय ती फरशी घालून टाकू. पुण्याला बहिणीच्या बंगल्यात चकचकीत टाइल्स बघून आले होते, तशाच आणल्या आणि आधी ओटीला व पायऱ्यांना बसवल्या. दुकानदार म्हणाला होता, "वहिनी, आरशासारखी राहील." राहिलीही तशीच.

पुढच्या वर्षी आषाढात सकाळी सासूबाई तुळशीला पाणी घालायला निघाल्या. बारीक पाऊस होता, वाऱ्याने पायरीवर पाण्याचे तुषार येत होते. पायरीवरून पाय सटकला नि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, तीन महिने त्या अंथरुणावर. मला एका शब्दाने काही बोलल्या नाहीत. येईल-जाईल त्याला सांगत, "अगो, माझीच नजर चुकली." त्या बोलल्या असत्या तर मला जरा बरं वाटलं असतं.

उरलेल्या अंगणासाठी मात्र मी घाई केली नाही. फरशीच्या दुकानात जाताना पिशवीत पाण्याची बाटली नेऊ लागले. फरशी खाली ठेवायला लावायची, वर पाणी ओतायचं, चपला काढून उभं राहायचं. दुकानातली मुलं एकमेकांकडे बघून हसत. हसोत बापडी. कोरड्या फरशीवर हात फिरवून अंगणाची फरशी निवडू नये, एवढं मला कळलं होतं.

कडप्पा दिसायला देखणा. पण फणसाची सावली गेलेली. मे महिन्यात काळ्या दगडावर दुपारी अनवाणी पाय टेकवणार कोण? कोटा पॉलिश केलेला असेल तर ओला झाल्यावर टाइल्सचाच भाऊ. पॉलिश न केलेला चालतो. पेव्हर ब्लॉकचे शेजाऱ्यांनी गुण गायले, आणि ते खोटे नव्हते. खाली वाळूचा थर असतो, सांध्यांतून पाणी मुरतं, एखादा बिघडला तर तेवढाच काढता येतो. गाडी उभी करायला उत्तम. पण आमच्या कौलारू घरापुढे ते मनाशी मांडून पाहिलं, तर थेट पेट्रोल पंप दिसायला लागला!

शहाबादीवर माझं मन बसलं होतं. माहेरी वाईला वाड्याच्या चौकात तीच होती, खडबडीत, राखाडी, पायाला गार. पण आमच्या अंगणात मे महिन्यात आमसुलं वाळतात. शहाबादी हा चुन्याच्या जातीचा दगड. आंबट रस पडला की तो खातो आणि पांढुरके चट्टे उठतात, ते पुसून जात नाहीत. (म्हणूनच शहाबादी फरशी अ‍ॅसिडने धुऊ नये. चिंच-लिंबू सांडलं तर लगेच साध्या पाण्याने पुसावं.)

एके दिवशी मी हे सगळं सासूबाईंच्या उशाशी बसून सांगत होते. त्या म्हणाल्या, "पाखाडीला कुठली गो फरशी आहे? जांभाच ना? जन्मभर डोक्यावर हंडे घेऊन चढलो-उतरलो."

"पण आई, जांभ्यावर शेवाळ धरतं."

"धरतं, ते सावलीत नि कडेला. पाय पडतो तिथे नाही. आणि आता तुमच्या अंगणात सावली राहिल्ये कुठे?"

गवंड्याला विचारलं. तो आधी गोठ्याच्या पडक्या भिंतीकडे गेला, दोन चिरे एकमेकांवर आपटले. "वैनी, नवे आणू नका. खाणीतला चिरा ताजा असतो तेव्हा मऊ, वारा लागून घट्ट होतो. हे साठ वर्षं वारा खाल्लेले आहेत." दीड वर्ष त्या ढिगाऱ्यावरून मी शेणी आणायला जात होते!

दिवाळीनंतर काम काढलं. सगळं अंगण मुळी फरसबंद केलंच नाही. ओटीपासून तुळशीपर्यंत आणि तिथून विहिरीपर्यंत चार हात रुंद वाट, शिवाय वाळवणापुरता एक चौक. बाकी जमीन मोकळी, पाणी मुरायला. खाली खडी, वर वाळू. सांधे सिमेंटने न भरता वाळूने भरले. घराच्या जोत्यापासून बाहेरच्या बाजूला दहा फुटांना दोन इंच उतार दिला, हे मी स्वतः उभी राहून बघितलं, कारण उतार चुकला की पाणी भिंतीत शिरतं. वरची बाजू घासून गुळगुळीत करू दिली नाही. टाकीचे घाव तसेच ठेवले. शेवाळासाठी मे अखेरीला आणि मग श्रावणात उघडीप बघून ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने खराट्याने घासते आणि भरपूर पाणी ओतते, तुळशीच्या मुळाशी मात्र ते पाणी जाऊ देत नाही.

ओटीवरच्या टाइल्सही काढल्या. हे म्हणाले, "पैसे पाण्यात गेले की!" म्हटलं, जाऊ देत. तिथे माहेरची शहाबादी आली, खडबडीत बाजू वर करून. पायऱ्या जांभ्याच्या.

सासूबाई वॉकर घेऊन ओटीपर्यंत येत, पण पायरी उतरत नसत. तुळशीचं पाणी मीच घाली. मार्गशीर्षात एका सकाळी मी विहिरीवरून आले तर वॉकर ओटीवर आणि त्या ह्यांचा हात धरून खाली, अनवाणी. पाय उचलून न टाकता आधी तळवा दगडावर घासून बघत होत्या, मग पुढे. मी कळशी घेऊन तशीच उभी राहिले.

तुळशीशी पोचल्यावर त्यांनी प्रदक्षिणा घातली आणि मला हाक मारली.

"हा कोपऱ्यातला चिरा बघ. अर्धं बोट वर आलाय. त्या गवंड्याला आजच्या आज बोलाव, नि तो जाईपर्यंत त्याला चहा देऊ नकोस."