बाईंची चिठ्ठी
किल्लारीचा भूकंप झाला त्या वर्षी, १९९३च्या दिवाळीनंतर, आम्ही बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याहून बारामतीला आलो. आईवडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली होती. नवराबायको मिळून एक कोयता, असा ऊसतोडीचा हिशेब. त्या हिशेबात मी नव्हते, माझ्या कडेवरचा भाऊही नव्हता. मी तिसरीत होते.

माळेगाव कारखान्याच्या तळावर आमची कोपी पडली. बांबूच्या तट्ट्या, वर पाचट. आत वडिलांना ताठ उभं राहता येत नसे. रात्री चिमणी लावायची तर जीव मुठीत धरून, कारण पाचटाला एक ठिणगी पुरे. भाकरी थापून झाल्या की आई लगेच चिमणी विझवायची. माझी पुस्तकं ज्वारीच्या पोत्यात, दाण्यांच्या वर ठेवलेली असत.

आई मला एका शाळेत घेऊन गेली, तर “दाखला आणा” म्हणून माघारी लावलं. दाखला गावाकडं. आणायला जायचं तर दोन दिवसांचा खाडा. वस्तीवरच्या दुसऱ्या शाळेत बाईंनी एवढंच विचारलं, “कितवीत?” आणि मला तिसरीच्या ओळीत बसवलं. भावालाही. तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचा. संध्याकाळी बाईंच्या ओसरीवर बल्ब लागे आणि तळावरची आम्ही पाच पोरं त्याखाली पाढे म्हणायचो. कारखान्यावर ऊस खाली करून परतणाऱ्या बैलांचे घुंगूर वाजले की बाई म्हणत, “जा आता, आई आली.”

हंगाम संपला तेव्हा बाईंनी वहीचं एक पान फाडून लिहून दिलं: मुलगी किती दिवस बसली, काय शिकली, आणि खाली, “चौथीत बसवावे.” ना शिक्का, ना जावक क्रमांक. आईनं ते पदराच्या गाठीत बांधून गावी नेलं. गुरुजींनी वाचलं आणि मला चौथीत घेतलं. आज मी प्राथमिक शिक्षिका आहे ती त्या पानामुळे.

बाईंनी केलं ते पुढे कायद्यात आलं. १ एप्रिल २०१०पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. वयाचा पुरावा नाही, दाखला यायला उशीर झाला, या कारणांनी आता मुलाला माघारी लावता येत नाही. गाव सोडून निघालेल्या मुलाच्या हाती आम्ही शिक्षण हमी पत्रक देतो. ते भरताना दर वेळी मला बाईंचं अक्षर दिसतं.

पण छपराचं काय? स्थलांतरित कामगारांसाठी १९७९मध्ये कायदा झाला. त्यानं राहण्याच्या सोयीची जबाबदारी ठेकेदारावर टाकली, पण फक्त राज्याची हद्द ओलांडून आलेल्यांसाठी. बीडहून बारामतीला आलेल्यानं हद्द ओलांडलेलीच नसते! गावोगाव हंगामी वसतिगृहं निघाली, त्यामुळे बरीच मुलं मागे राहून शिकतात, हे फार चांगलं झालं. तरी अंगावरची पोरं मागे ठेवता येत नाहीत. वयात आलेली मुलगी ठेवायला आईचं मन धजत नाही, आणि धाकट्याला सांभाळायला कुणी लागतंच. मुलाचा हक्क पटावर मोजतात. मला वाटतं, तो रात्री आठ वाजता कोपीत जाऊन मोजावा.

गेल्या फेब्रुवारीत बाईंना भेटायला गेले, तेव्हा वाटेत तळावर थांबले. पाचटाच्या जागी आता प्लॅस्टिकचा कागद आला आहे. एका कोपीत सहावी-सातवीतली वाटावी अशी मुलगी भावाला थोपटत बसली होती. तिचं हमी पत्रक पिशवीत घालून बांबूला अडकवलेलं. रोज शाळेत जाते म्हणाली.

“आणि रात्री कुठं वाचतेस?”

“मोबाइल आईकडं असतो,” ती म्हणाली.

तिच्या आईला विचारून मी दोघांना बाईंकडे नेलं. बाईंना आता नीट दिसत नाही. पावलांचा आवाज ऐकून त्यांनी आधी आत हाक मारली, ओसरीवरचा बल्ब लावायला सांगितलं. मग आवाजाच्या दिशेनं चेहरा वळवून विचारलं, “कितवीत?”