भिंतीचा फोटो

मागच्या शनिवारी हार्ड डिस्क साफ करायला बसलो होतो. (म्हणजे दरवर्षी बसतो आणि काहीही न उडवता उठतो.) 'युरोप २०२३' या फोल्डरमध्ये २,१४७ फोटो निघाले. दहा दिवसांची सुट्टी, त्यातले दोन दिवस विमानात. त्यातही जवळजवळ बाराशे फोटो एकट्या दुब्रोवनिकचे.

दुब्रोवनिक हे क्रोएशियातलं, एड्रियाटिक समुद्राच्या काठावरचं तटबंदीचं जुनं गाव. तटावरून चालत अख्ख्या गावाला फेरी मारता येते, जवळपास दोन किलोमीटर. तिकीट तेव्हा ३५ युरो होतं, म्हणजे तीन हजारांच्या वर रुपये. एवढे मोजल्यावर माणूस प्रत्येक जंगीतून एकेक फोटो काढणारच! सकाळी दार उघडल्या उघडल्या आत शिरलो. तिरपं ऊन असतं तेव्हा तिथला पांढरा चुनखडीचा दगड मधासारखा दिसतो. ऊन डोक्यावर आलं की तोच दगड डोळ्यात खुपतो आणि फोटोत नुसता पांढरा डाग येतो. एका बाजूला निळाशार समुद्र, दुसऱ्या बाजूला कौलांचा समुद्र. बायको अधूनमधून म्हणायची, "मला घे ना एखाद्या फोटोत." मी म्हणायचो, "जरा बाजूला हो, छप्पर येतंय."

वरून पाहिलं की कौलं दोन रंगांची दिसतात. थोडी जुनी, उन्हानं विटलेली. बाकी पुष्कळशी भडक केशरी. १९९१ च्या डिसेंबरात या गावावर तोफगोळे पडले, अनेक छपरं फुटली, त्यांची ही दुरुस्ती. वेशीपाशी कुठल्या घरावर काय पडलं त्याचा नकाशाच लावलेला आहे. त्याच्याही आधी, १६६७ च्या एप्रिलमध्ये, भूकंपानं हे गाव जवळजवळ सपाट केलं होतं. आज दिसतं ते बरंचसं त्यानंतर पुन्हा बांधलेलं. तटावर उभा राहून मी बायकोला ऐकवलं, "बघ, याला म्हणतात जपणं. नाहीतर आमच्याकडं. होता तो वाडा पाडून टाकला."

हे वाक्य मी आयुष्यात बऱ्याच जणांना बऱ्याचदा ऐकवलेलं आहे.

तर त्या दिवाळीला अंबाजोगाईला गेलो आणि नानांना टीव्हीवर फोटो दाखवायला बसलो. समुद्राचे चाळीसेक फोटो बघून झाल्यावर ते म्हणाले, "केवढं पाणी रे! आणि सगळं खारं." (धरण कोरडं पडल्यामुळं लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते २०१६ साल. आम्हीही त्याच मांजरा धरणाचं पाणी पितो. आमच्याकडं कुठलंही पाणी बघताना माणूस आधी हाच हिशेब करतो.) पुढं कौलांचा फोटो आला. "हे दोन रंग कशामुळं?" मी खुशीत येऊन तोफगोळे सांगितले, मग भूकंप सांगितला.

नाना जरा वेळ टीव्हीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "परत दगडातच बांधलं?"

"हो."

"आणि झोपायचे आत?"

मला उत्तर सुचेना.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवसाची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारी आमच्यापासून रस्त्यानं शंभरेक किलोमीटर. मी नऊ वर्षांचा होतो. मला फक्त एवढं आठवतं की आजीनं मला दंडाला धरून चौकात ओढलं आणि देवळीतली पणती खाली पडलेली होती. सकाळी बातम्या यायला लागल्या. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, ती बहुतेक झोपेतच, स्वतःच्याच घराच्या दगडमातीखाली.

आमचा वाडाही त्याच पद्धतीचा. अडीच फुटी भिंत. आतून एक तोंड, बाहेरून एक तोंड, आणि मध्ये माती-गोट्यांची भर. दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारे आरपार दगड घातलेले नसले, की हादऱ्यानं भिंत उभी फाकते. वर माळवद. ते गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा. वर्षानुवर्षांचं ते ओझं डोक्यावर घेऊन आम्ही झोपत होतो. किल्लारीनंतर इंजिनियर लोकांनी हे सगळं तपासून लिहून ठेवलं. मीही ते वाचलेलं होतं. गंमत म्हणजे आमच्या वाड्याशी कधी लावून पाहिलं नव्हतं.

"बळदाच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती," नाना म्हणाले. "मूठ जायची आत. दिवाळीपर्यंत सगळे चौकात झोपलो. तुझी आजी नंतर आत जाऊन झोपायला लागली. म्हणे, माझं काय व्हायचं ते होईल. मग मी पाडायचं ठरवलं. मला काय हौस होती?"

हे मला तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर मी विचारलंही नव्हतं.

मी विचारलं, पाडायच्या आधी एखादा फोटो का नाही काढून ठेवला? ते हसलेच. "भिंतीचा फोटो कोण काढतंय? छत्तीसचा रोल असायचा. त्यात माणसंच मावायची नाहीत."

मग माझ्या मुंजीचा अल्बम काढला. वाड्यातला शेवटचा मोठा कार्यक्रम तोच. मुंडावळ्या बांधलेला मी, डोळे मिटलेल्या मावश्या, आणि त्यांच्या मागं, खांद्यांच्या मधल्या फटींतून वाडा! एका फोटोत ढाळजेचा खांब. एकात देवळी आणि तिच्यावरचा काजळीचा डाग. मातृभोजनाच्या फोटोत दिंडी दरवाज्याची कडी. तेवीस फोटो स्कॅन केले आणि पॅनोरमा जोडायच्या सॉफ्टवेअरला दिले. त्याला शेजारच्या दोन फोटोंत निदान पाव-तीस टक्के भाग सारखा लागतो. दुब्रोवनिकचे नऊ फोटो त्यानं मिनिटभरात जोडून दिले होते. इथं सरळ 'सामाईक बिंदू सापडले नाहीत' म्हणून मोकळा झाला. बरोबरच आहे त्याचं. सारखं होतं ते फक्त आम्ही.

शेवटी नानांनीच एका लग्नपत्रिकेच्या मागं पेन्सिलीनं नकाशा काढला. इतके खण बैठकीचे, इतके ओसरीचे, इथं आड, इथं बळद. मध्येच म्हणाले, "दिंडीचं दार शेतात आहे की, कोठ्याला लावलंय."

दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन निघालो. आधी बाराखांबीच्या देवळात गेलो. आमच्या गावातलं यादवांच्या काळातलं मंदिर, लहानपणी लपाछपी खेळायची जागा, आणि माझ्याकडं एकही फोटो नाही. नाना न सांगता एका कोरीव खांबाला टेकून उभे राहिले, टोपी सारखी केली. अर्धा खांब झाकला गेला. नेहमीचं वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. बायको माझ्याकडं बघत होती. काही न बोलता बटण दाबलं.

मग शेतात. कोठ्याचं दार कडक उन्हात होतं, फोटोला सगळ्यात वाईट वेळ. सागवान करडं पडलंय, खालची फळी म्हशीनं घासून गुळगुळीत केलीय, पण कडी तीच. मुंजीच्या फोटोतली. नाना दारापुढं ताठ उभे राहिले, हात बाजूला घेऊन, जुन्या फोटोंतल्यासारखे.

"मागचं दार येतंय ना?" त्यांनी विचारलं.

"येतंय."

"बघ नीट. नाहीतर मी सरकतो."