पूर्ण, तरी न संपलेला काळ

न्हाणीघरातून ‘आलो, आलो’ असा आवाज येतो तेव्हा माणूस आलेला नसतो. त्याच्या अंगाला अजून साबण असतो. पण तो खोटे बोलतो आहे असे घरात कोणालाच वाटत नाही. ‘निघालोच’, ‘झालंच’, ‘पोचलोच बघ’ असे आपण दिवसातून दहादा म्हणतो. जे अजून घडायचे आहे तेही आपण घडून गेल्यासारखे सांगतो आणि तरी आपले काही अडत नाही.

अडते ते इंग्रजीत. त्यातही एका काळापाशी हमखास अडते. शाळेत त्याला आपण पूर्ण वर्तमानकाळ म्हणत होतो, इंग्रजीत प्रेझेंट परफेक्ट टेन्स. हे नाव ऐकले की पुष्कळांच्या कपाळावर आजही आठी उमटते. वर्तमान आहे तर पूर्ण कसा, आणि पूर्ण झाला तर वर्तमान कसा?

राज्यातल्या मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. माझी पिढी त्याच्या थोडी अलीकडची, पाचवीत एबीसीडी गिरवणारी. आमच्या आजोबांच्या पिढीने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटली, वडिलांच्या पिढीने रेन आणि मार्टिनचे जाडजूड व्याकरण. यातला रेन हा मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता आणि पुढे ‘बो जेस्ट’ या १९२४ सालच्या कादंबरीने तो जगभर गाजला, हे त्या व्याकरणाने रडवलेल्या किती मुलांना माहीत असेल कोण जाणे! आमच्या वाट्याला आला तो फळ्यावरचा तक्ता. ‘हॅव’ किंवा ‘हॅज’, पुढे क्रियापदाचे तिसरे रूप. गो, वेंट, गॉन. ईट, एट, ईटन. मी आंबा खाल्ला आहे, राम शाळेत गेला आहे. वाक्ये बरोबर यायची, गुणही मिळायचे. पण असे वाक्य माणूस नेमके कधी बोलतो, हे तक्त्यात कुठेच नसायचे.

ते मला उमगले गेल्या वर्षी, माझ्या धाकट्या नणंदेबरोबर उजळणी करताना. ती मिरजेला एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागात स्टाफ नर्स आहे. जीएनएमची पदविका, सहा वर्षांचा अनुभव, महिन्यातून निम्म्या रात्री ड्यूटीवर. परदेशात नोकरी मिळाली तर घराचे कर्ज फिटेल, आठ वर्षांच्या मुलीचे शिक्षण मार्गी लागेल, असा तिचा हिशेब. त्यासाठी ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट, म्हणजे ओईटी, नावाची परीक्षा द्यावी लागते. डॉक्टर, परिचारिका अशा आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीच ती असते. ब्रिटनची परिचारिका नोंदणी संस्था २०१७ पासून ती मान्य करते. साठवलेली रजा घेऊन, मुलीला सासूबाईंपाशी ठेवून ती तीन आठवडे आमच्याकडे पुण्याला आली. दिवसा शिकवणी आणि रात्री जेवणे आटोपली की माझ्याबरोबर बोलण्याचा सराव.

पहिल्याच रात्री तिने स्वतःची ओळख करून दिली, ‘आय ॲम वर्किंग इन आयसीयू सिन्स सिक्स इयर्स.’ आपल्याकडे कोणत्याही कचेरीत हे वाक्य खपून जाईल. दिल्लीपासून चेन्नईपर्यंत सगळा देश असेच बोलतो. मराठी माणसाच्या तोंडी ते येते याचेही सरळ कारण आहे. ‘मी सहा वर्षांपासून काम करते’ असे आपण म्हणतो. ‘करते’ हा साधा वर्तमानकाळ आणि ‘पासून’ हा एकच शब्द सगळीकडे चालतो. सहा वर्षांपासून, सोमवारपासून, लग्न झाल्यापासून. इंग्रजीला मात्र दोन वेगळे शब्द लागतात. मुदत सांगायची तर ‘फॉर’, सुरुवात सांगायची तर ‘सिन्स’. आणि मागे सुरू झालेले, आजही चालू असलेले काम सांगायला ‘करते’ पुरत नाही. तिथे हवे ‘आय हॅव वर्क्ड हिअर फॉर सिक्स इयर्स’ किंवा ‘आय हॅव बीन वर्किंग’.

‘आणि नुसतं आय वर्क्ड म्हटलं तर?’ तिने विचारले.

‘तर समोरच्याला वाटेल तू नोकरी सोडलीस.’

ती एकदम सरळ बसली. मुलाखतीत एक ‘हॅव’ गळला तर हातातली नोकरी गेली असा अर्थ होतो, हे तिला तक्त्याने कधी सांगितले नव्हते.

पुढचे दोन दिवस मी पुस्तकातली वाक्ये भरून घेतली. राजूने पतंग उडवला आहे, सीताने पत्र लिहिले आहे. तिसऱ्या दिवशी तिने वही मिटली. ‘वहिनी, हे पतंग आणि पत्रं पुरे. तुम्ही मला ड्यूटीचं काहीतरी द्या.’

मग ती बोलू लागली आणि मी लिहू लागले. ड्यूटी संपताना पुढच्या सिस्टरला प्रत्येक रुग्णाची हकिगत सांगावी लागते. त्याला हँडओव्हर म्हणतात. सकाळचे औषध दिले आहे. रक्त तपासायला गेले आहे, रिपोर्ट अजून आलेला नाही. डॉक्टरांना कळवले आहे. मध्यरात्रीपासून लघवी झालेली नाही. ही वाक्ये इंग्रजीत करताना पाहिले तर एकामागोमाग एक सगळी आमच्या त्या काळात येऊन बसली. ‘ही हॅज नॉट पास्ड युरिन सिन्स मिडनाइट’ याचा अर्थ असा, की अजूनही झालेली नाही, बाई, लक्ष ठेव. तेच ‘ही डिड नॉट पास युरिन’ म्हटले तर ती रात्रीची गोष्ट झाली. आता काय, ते त्यातून कळत नाही. पहिले वाक्य काम हाती सोपवते, दुसरे नुसती बातमी देते.

‘म्हणजे हा आमचा हँडओव्हरचाच काळ की!’ ती म्हणाली. व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकात मला याहून सोपी व्याख्या मिळालेली नाही. काम होऊन गेले असेल, पण त्याचा धागा या घडीला कोणाच्या तरी हातात आहे, तेव्हा हा काळ.

या परीक्षेत बोलण्याच्या भागात दोन प्रसंग असतात, प्रत्येकी सुमारे पाच मिनिटांचे. उमेदवार परिचारिका होतो, समोरची व्यक्ती रुग्ण किंवा नातेवाईक. तिथेही हाच काळ पदोपदी येतो. आपण रुग्णाला काय विचारतो पाहा. ‘कधीपासून दुखतंय?’ ‘काही गोळी घेतली का?’ ‘आधी कधी असं झालं होतं का?’ मराठीत हे तीन प्रश्न तीन निरनिराळ्या काळांत आहेत. दुखतंय हा वर्तमान, घेतली हा भूत आणि झालं होतं हा पूर्ण भूतकाळ. इंग्रजीत तिन्ही एकाच साच्यात. ‘हाऊ लाँग हॅव यू हॅड धिस पेन?’ ‘हॅव यू टेकन एनीथिंग फॉर इट?’ ‘हॅव यू हॅड धिस बिफोर?’ म्हणून शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करायला गेले की भंबेरी उडते. प्रश्न मराठीत कोणत्या काळात आहे हे पाहायचे नाही. त्याचा आत्ताशी संबंध आहे का, एवढेच पाहायचे.

आणखी एक गंमत. ‘सिस्टरने गोळी दिली आहे, सिस्टरने गोळ्या दिल्या आहेत.’ मराठीत क्रियापद गोळ्यांच्या मागे जाते, देणारी एकच असली तरी. इंग्रजीत मात्र देणाऱ्याकडे पाहायचे. सिस्टर एक, तर ‘हॅज’. गोळी एक दिली काय नि चार दिल्या काय, ‘हॅज’च. आपल्या कानाला वर्षानुवर्षे जी सवय लागली आहे, तिच्या बरोबर उलट हे आहे. तेव्हा हॅव-हॅजचा गोंधळ झाला म्हणून मुलांना ‘एवढं साधं येत नाही’ असे बोलण्याआधी जरा थांबावे.

सगळ्यात चिवट निघाला तो ‘काल’. ‘मी कालच पैसे भरले आहेत’ हे मराठीत चोख वाक्य आहे. इंग्रजीत ‘हॅव’ आणि ‘यस्टरडे’ एका वाक्यात नांदत नाहीत. नेमकी वेळ सांगितली, काल, गेल्या सोमवारी, २०१८ साली, दोन तासांपूर्वी, की दार बंद होते आणि साधा भूतकाळ वापरावा लागतो. ‘धिस मॉर्निंग’ची तर आणखी मजा. सकाळी दहाला ‘आय हॅव गिव्हन टू इंजेक्शन्स धिस मॉर्निंग’ म्हणता येते, कारण सकाळ अजून सरलेली नाही. दुपारी तीनला तेच सांगायचे तर ‘आय गेव्ह’. इंजेक्शने तीच. मध्ये सकाळ तेवढी संपली.

दुसऱ्या आठवड्यात मुलाखतीची तयारी चालली होती. घरच्यांविषयी चार वाक्ये बोल, असे मी सांगितले. तिने लिहून आणले होते. तिसरे वाक्य होते, ‘माय फादर हॅज ऑल्वेज सपोर्टेड मी.’

माझे सासरे २०२१च्या एप्रिलमध्ये गेले, कोविडच्या दुसऱ्या लाटेत. तेव्हा ती स्वतः कोविड वॉर्डात ड्यूटीवर होती. मी क्षणभर गप्प राहिले, मग सांगितले. ज्याच्याबद्दल आपण असे बोलतो ते माणूस हयात आहे, असे या वाक्यातून ऐकणाऱ्याला वाटते. इथे ‘हॅज’ काढावा लागेल. नुसते ‘सपोर्टेड’.

‘मराठीत चालतं ना पण? बाबांनी मला नेहमी साथ दिली आहे, असं?’

‘चालतं.’

तिने पेन घेतले आणि ‘हॅज’वर एक आडवी रेघ मारली. बराच वेळ वहीकडे पाहत राहिली. मग त्याखाली स्वतःच्या मनाने एक वाक्य लिहिले, ‘आय हॅव केप्ट हिज वॉच.’ सासऱ्यांचे ते जुने घड्याळ तिच्या मनगटावरच होते. नाडी मोजताना ती त्याच्याच सेकंदकाट्याकडे पाहते. वाक्य अगदी बिनचूक होते. घड्याळ ठेवणारी समोर बसलेली होती, म्हणून ‘हॅव’ला जागा होती. मी त्यावर बरोबरची खूण केली. दुसरे काही बोलण्यासारखे नव्हते.

असे वाटते, की इंग्रजीने काळाची रेघ जिथे आखली आहे, तिथे मराठीने आखलेली नाही, एवढाच फरक आहे. म्हणून आपली भाषा ढिसाळ ठरत नाही. उलट काही ठिकाणी ती अधिक नेटकी आहे. ‘ती पुण्याला गेली आहे’ आणि ‘ती पुण्याला जाऊन आली आहे’ हे आपण किती स्वच्छ वेगळे ठेवतो. इंग्रजीत त्यासाठी ‘हॅज गॉन’ आणि ‘हॅज बीन’ असे दोन प्रकार पाठ करावे लागतात. त्यातला ‘बीन’ कुठून आला हे मुलांना समजत नाही. ‘जाऊन आली’ म्हणजे ‘हॅज बीन’, इतके सांगितले की पुरते. आणि ही रेघ खुद्द इंग्रजांच्या पोटभाषांतही एका जागी नाही. ‘जेवलात का?’ हे ब्रिटिश माणूस ‘हॅव यू ईटन?’ असे विचारेल, अमेरिकन बहुधा ‘डिड यू ईट?’ असे. तेव्हा आपण फार लाजायला नको.

नणंदेची परीक्षा झाली. बोलण्याचा भाग निघाला, लेखनाचा थोडक्यात राहिला. ती पुन्हा बसणार आहे. ‘शी हॅज नॉट गॉन येट.’ त्यातल्या ‘येट’ला मराठीत आपण ‘अजून’ म्हणतो. मुलगी मात्र विचारते, आई कधी जाणार? आणि लगेच दुसरा प्रश्न, कधी येणार?

ज्यांना घरच्या घरी सराव करायचा आहे, त्यांनी तक्ता बाजूला ठेवून रोज रात्री तीन वाक्ये लिहावीत. एक आज केलेल्या कामाचे, कारण आजचा दिवस अजून उरलेला असतो. एक बऱ्याच दिवसांपासून चालत आलेल्या गोष्टीचे, त्यात ‘फॉर’ किंवा ‘सिन्स’ घालून. आणि एक अजून न झालेल्या कामाचे, शेवटी ‘येट’ लावून. विजेचे बिल भरले आहे, या घरात बारा वर्षे राहतो आहोत, गॅस अजून आलेला नाही. वाक्ये आपल्या घरातली असावीत, राजू आणि सीतेची नकोत. तीन वाक्यांत ‘यस्टरडे’ कुठे शिरला असेल तर त्याला बाहेर काढावे.

दोघे जण असतील तर प्रश्नोत्तरे करावीत. ‘हॅव यू एव्हर बीन टू पंढरपूर?’ असे एकाने विचारावे. दुसऱ्याने हो म्हणून पुढे सांगावे, ‘आय वेंट देअर इन २०१९.’ प्रश्न पूर्ण वर्तमानात, तपशील भूतकाळात. ‘कधी?’ याचे उत्तर आले की काळ बदलला, हे चार दिवसांत जिभेला कळते. संभाषणात हा उंबरठा ओलांडता आला, की निम्मी लढाई जिंकली.

आणि न्हाणीघरातून ‘आलो, आलो’ ऐकू आले, तर त्याचे इंग्रजी करायला मुलांना जरूर सांगावे. ‘आय हॅव कम’ असे जो म्हणेल, त्याला आधी अंग पुसून बाहेर यायला सांगावे.