दत्तक नाव

‘ऑरेलियस’ हे रोमन सम्राट आणि तत्त्वज्ञ मार्कस ऑरेलियसचं जन्माचं नाव नव्हे. इ. स. १२१ मध्ये रोममध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव होतं मार्कस अ‍ॅनियस व्हेरस. १३८ मध्ये, पुढे सम्राट झालेल्या अँटोनायनस पायसनं त्याला दत्तक घेतलं आणि त्या घराण्याचं नाव त्याला लागलं.

*

पुढे हे नाव किती जणांनी लावलं! नंतरचा सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस याचं मार्कसशी रक्ताचं नातं नव्हतं. गादीवरचा हक्क पक्का करायला त्यानं स्वतःला मार्कसचा मुलगा जाहीर केलं आणि आपल्या थोरल्या मुलाचं नाव बदलून मार्कस ऑरेलियस अँटोनायनस ठेवलं. हाच कॅराकॅला, सख्ख्या भावाचा जीव घेणारा. २१२ मध्ये त्यानं साम्राज्यातल्या जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिलं, आणि नवे नागरिक सम्राटाचं कुलनाम लावू लागले. इजिप्तमधल्या पपायरसांवर, खंडाच्या करारांत, कर्जरोख्यांत, तक्रारअर्जांत ऑरेलियस आणि ऑरेलिया जागोजागी भेटतात. तत्त्वज्ञाचं नाव शेतकऱ्याच्या घरात पोचलं ते एका खुन्यामुळे. या सगळ्या कहाणीत मला हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

*

१६६ साली ‘आनदुन’ राजाचे दूत समुद्रमार्गे चीनला आल्याची नोंद चिनी इतिहासात आहे. आनदुन म्हणजे अँटोनायनस, मार्कसला दत्तकपित्याकडून मिळालेलं आणखी एक नाव. तो मार्कस की त्याचा दत्तकपिता, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

*

रोममधला मार्कसचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा वाचला तो चुकीच्या नावामुळे. मध्ययुगात लोक त्याला पहिला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइन समजत. नाहीतर इतर सम्राटांच्या पुतळ्यांसारखा तोही वितळवला गेला असता. १५३८ मध्ये तो कॅपिटोलिन टेकडीवर आणला. आता मूळ पुतळा संग्रहालयात आहे, चौकात प्रतिकृती. इटलीच्या ५० सेंटच्या नाण्यावरही तोच घोडेस्वार.

*

त्याच्या नावावर आज बनावट वचनं सर्रास फिरतात. याचा मला मनापासून राग येतो, कारण त्याचा मूळ ग्रंथ, ‘मेडिटेशन्स’, सहज मिळतो. त्यानं ग्रीकमध्ये स्वतःसाठी लिहिलेली ही टिपणं १५५९ मध्ये झुरिकला प्रथम छापली गेली. त्यात तो स्वतःला बजावतो की एकेकाळची गाजलेली नावं जुनाट होतात. ऑगस्टस, हेड्रियन, अँटोनायनस यांचंही तेच होणार.

आणि पहिला भाग? तो सगळा इतरांच्या ऋणांचा. आजोबा, आई, शिक्षक, एकेकाकडून काय मिळालं त्याची नोंद. शिक्षक रस्टिकसनं तत्त्वज्ञ एपिक्टेटसची शिकवण स्वतःजवळच्या प्रतीतून वाचायला दिली, हे तो आवर्जून लिहितो. एपिक्टेटस पूर्वी गुलाम होता.