ताईला कुणी फसवून नेलं नाही

सांगली

चि. सोनू,


तुझा रात्री आलेला निरोप वाचला. फोनवर हे धड बोलता येणार नाही, शेजारच्या खोलीत तुझे बाबा असतात, म्हणून पत्र लिहितेय. शेवटच्या आठवड्यात आईला दारात आजी दिसायची, ती खरंच आजी होती की प्रकाशाकडे ओढून नेणारं आमिष, असं तू विचारलंस. आणि खाली लिहिलंस, आपण रडलो की 'त्यांना' खाद्य मिळतं, म्हणून मी रडत नाही. प्रश्नाचं उत्तर जमेल तसं देते, पण लिहायला बसले ते या दुसऱ्या वाक्यामुळे.

त्या खाद्याला तू 'लूश' म्हणतेस; ते ज्या पुस्तकातून आलं ते मी, कॉलेजात शिकवत होते तेव्हा, वाचलं होतं. रॉबर्ट मन्रो हा अमेरिकेत व्हर्जिनियात राहणारा, रेडिओच्या धंद्यातला माणूस. १९५८ पासून त्याला आपण शरीराबाहेर पडतो असे अनुभव येऊ लागले आणि १९७१ मध्ये त्यानं त्यावर पहिलं पुस्तक लिहिलं. लूशची कथा १९८५ च्या 'फार जर्नीज'मध्ये आहे. कुणा एकानं पृथ्वी नावाची बाग लावली, कारण त्याच्या जगात लूशला मागणी होती. आधी पाण्यातले सूक्ष्म जीव, मग झाडंझुडपं, मग एकमेकांना मारून खाणारे प्राणी, अशी एकामागून एक पिकं त्यानं घेऊन पाहिली. झटापटीतून लूश जास्त निघतं हे त्याच्या ध्यानात आलं. शेवटी त्यानं माणूस घडवला, आणि माणसाच्या एकटेपणातून, कुणासाठी तरी तुटणाऱ्या जिवातून, सगळ्यात कसदार लूश मिळू लागलं.

तू पाहिलेल्या व्हिडिओंमध्ये कथा इथं थांबते. मन्रो इथं थांबत नाही. त्यानं त्या प्रकरणाला 'ऐकीव पुरावा' असं नाव दिलं आहे. म्हणजे हे त्यानं स्वतः पाहिलेलं नाही, दुसऱ्या कुणाकडून त्याच्यापर्यंत आलेलं आहे, हे तो आधीच सांगून ठेवतो. ते ऐकून आपण खचून गेलो हेही लिहितो. आणि त्याच पुस्तकात पुढे पृथ्वीला तो शाळा म्हणतो, आपण होऊन नाव घालावं अशी. ज्या माणसाच्या तोंडची ही गोष्ट, त्यानंच तिच्यातून पुढे वाट काढली. तेवढा भाग कापून उरलेला तुकडा रात्री दोन वाजता, आई गेलेल्या मुलीपुढे टाकणाऱ्यांचा मला संताप येतो.

पण ही कल्पना काल-परवाची नाही आणि मूर्खांचीही नाही. चौथ्या शतकात पॅलेस्टाईनमध्ये आर्कोंटिक नावाचा एक पंथ होता. त्यांच्याविषयी एपिफॅनियस या बिशपनं लिहून ठेवलं आहे. तो त्यांचा वैरी, तरी एवढं नोंदवतो: आत्मा हे आर्कॉनांचं, म्हणजे आकाशातल्या सत्ताधीशांचं अन्न आहे, तो वरच्या दवाचा अंश आहे आणि त्याच्यावाचून ते जगू शकत नाहीत, असं हे लोक मानत. १९४५ मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ मातीच्या रांजणात जी पोथ्यांची चळत सापडली, तिच्यातल्या एका ग्रंथात येशू याकोबाला बजावतो की, वर जाताना वाटेवर तीन जकातवाले बसलेले असतील. ते नुसती जकात घेत नाहीत, आत्मेही चोरतात. त्यांनी हटकलं तर काय उत्तर द्यायचं तेही तो शिकवतो. मी कुठून आले आणि कुठं निघाले एवढं ठामपणे सांगता आलं की त्यांचा हात पोचत नाही. म्हणजे ज्यांनी हा सापळा इतक्या गंभीरपणे मांडला, त्यांचाही भर रडू नकोस यावर नव्हता. स्वतःला ओळख, यावर होता.

आपल्याकडेही हे आहे, आणि तुला ते कुणी सांगितलं नसणार. बृहदारण्यक उपनिषदाच्या पहिल्याच अध्यायात म्हटलं आहे की, देव वेगळा आणि मी वेगळा असं समजून जो उपासना करतो तो देवांच्या दावणीचा पशू होतो. एक जनावर गेलं तरी माणसाला वाईट वाटतं, मग देवांना माणसं ज्ञानी झालेली कशी आवडतील? किती धीट वाक्य आहे हे! आणि छांदोग्यात, यज्ञ आणि दानधर्म करणारे पितृयाण नावाच्या वाटेनं चंद्रावर जातात, सोम होतात आणि देव त्यांना खातात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही दचकले होते. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात याचा खुलासा केला आहे: हे खाणं म्हणजे घास करून गिळणं नव्हे, देव खात-पीत नाहीत. ज्याला आत्मज्ञान नाही तो देवांच्या उपभोगाला, त्यांच्या सेवेला लागतो, एवढाच अर्थ. आपल्या लोकांनी ही भीती दडवली नाही. चर्चेला घेतली, तिचा कस पाहिला आणि पुढे गेले.

आता त्या प्रकाशाबद्दल. पिम व्हॅन लोमेल या डच हृदयरोगतज्ज्ञानं हृदय बंद पडून वाचलेल्या ३४४ रुग्णांना काय आठवतं ते विचारलं. २००१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. ६२ जणांना काही तरी आठवत होतं, बाकीच्यांना काहीच नाही. आत्मे पकडायचं यंत्र असतं तर ते पाचातल्या चौघांना दिसूही नये? त्याहून मोलाचं काम बंगळूरच्या निम्हान्समधल्या सतवंत पसरीचा यांचं. त्यांनी आणि त्यांचे सहकारी इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ मध्ये भारतातल्या सोळा जणांच्या हकिगती प्रसिद्ध केल्या. या माणसांना दूत न्यायला आले, पुढं कुणी तरी वही घेऊन बसलेला होता, नाव तपासलं तर भलत्यालाच आणलेलं, म्हणून परत पाठवलं. अमेरिकेतल्या माणसांना बोगदा आणि प्रकाश दिसतो, आपल्या माणसांना यमाचा दरबार. मरणाच्या उंबरठ्यावर माणूस जे पाहतो ते त्याच्या आयुष्यभराच्या शिदोरीतलं असतं. पलीकडे काही आहे की नाही ते यातून ठरत नाही, तसा दावाही मी करणार नाही. पण सगळ्या जगाला पुरणारं एकच प्रकाशाचं जाळं आहे, हे मात्र यातून खोटं पडतं.

माझ्या ताईच्या शिदोरीत आमची आई होती. तू तेव्हा औषधं आणायला गेली होतीस म्हणून तुला ठाऊक नाही, पण त्या मंगळवारी दुपारी मी ताईला पेज भरवत होते. तिनं दोन चमचे घेतले, दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, "आईला आत ये म्हण, उन्हातनं आलीय." मग माझ्या हातातला चमचा बाजूला सारला आणि वाटी दाराच्या दिशेनं ढकलली. पेज आईला द्या, म्हणून. सोनू, आमिषाला कुणी घास देऊ करत नाही. भुलवलेलं माणूस ओढलं जातं, आणि ती तर दारात आलेल्या पाहुण्याचं आगतस्वागत करत होती, चाळीस वर्षं केलं तसं.

दहाव्याचं तुला आठवतं ना? कृष्णेच्या घाटावर पिंड मांडले आणि कावळा शिवेना. तुझ्या मामानं घराचं सांगितलं, बाबांचं सांगितलं. शेवटी मी म्हटलं, ताई, सोनूचं मी बघते, आणि कावळा उतरला. कावळा भुकेला होता की ताई ऐकत होती, हे मला सांगता येणार नाही. पण तिथं अन्न कोण कुणाला देत होतं ते बघ. जिवंत माणसं गेलेल्या माणसापुढं भात ठेवत होती आणि तो गोड व्हावा म्हणून वचन देत होती. वर्षश्राद्ध नको असं तू बाबांना म्हणालीस ते कळलं. तुझी श्रद्धा नसेल तर करू नकोस, माझी हरकत नाही. कुणाच्या तरी भीतीनं मात्र टाळू नकोस.

कारण ही भीती वाढते. १९९७ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळच्या एका घरात ३९ माणसांनी एकत्र जीव दिला. शरीर हे नुसतं वाहन आहे, घर, लग्न, मुलंबाळं या परग्रहावरच्या दुष्टांनी घातलेल्या बेड्या आहेत, असं ते मानत. चांगली शिकलेली, मृदू बोलणारी माणसंही होती त्यांच्यात. त्यांनीही आधी मायेच्या माणसांशी नाती तोडली होती. तू तिथं पोचली आहेस असं मी म्हणत नाही. पण आजीला आमिष म्हणालीस, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आणि जगणंच नको असा विचार कधी डोकावला, तर तो माझ्यापासून लपवायचा नाही. रात्री तीनलाही फोन कर.

दुःख हे पीक आहे असं मानलं की माणूस स्वतःला शेत समजायला लागतो. तुझं रडणं कुणाच्या कोठारात जात नाही. ते ताईचं आणि तुझं आहे, पंचवीस वर्षांच्या संगतीतून आलेलं. ते अडवून तू कुणा आर्कॉनाला उपाशी ठेवत नाहीस. तुझी झोप उडाली आहे, जेवण सुटलं आहे, बाबा तुझ्याशी काय बोलावं या विवंचनेत आहेत. तुकोबांनी तर देवाजवळ मोक्ष मागितला नाही, खुशाल पुन्हा गर्भवासाला घाल म्हणाले. हे जग सापळा आहे हे त्यांच्या कानावर आलं नसेल असं थोडंच आहे? दुष्काळात बायको आणि मूल गेलेला माणूस तो.

तू आणखी एक विचारलं होतंस. 'आईच्या कानात मी सांगायला हवं होतं का, की प्रकाशाकडे जाऊ नकोस?' नाही. तू तिच्या कानात 'मी इथंच आहे' म्हणालीस, मी ऐकलं. तेच बरोबर होतं.

शनिवारच्या एसटीनं निघ. चार दिवसांची रजा टाक. ताईच्या साड्या अजून कपाटात तशाच आहेत, त्या कुणाला काय द्यायच्या ते तुझ्याशिवाय मी ठरवणार नाही. लॅपटॉप आणलास तरी चालेल, ते व्हिडिओ आपण दोघी मिळून पाहू आणि एकेक मुद्दा घेऊन बोलू. मन्रोचं पुस्तक मी माळ्यावरून काढून ठेवते.

तुझी,
मावशी