पावलांचा हिशेब

आमच्या ललित निबंधात फिरायला निघालेला माणूस हमखास देहभान विसरतो. टाइप वन मधुमेहामुळे मला ती मुभा नाही. टेकडी चढण्यापूर्वी बोटातून रक्ताचा थेंब काढायचा: साखर ९० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर आधी चार बिस्किटे खायची, २५० च्या वर असेल तर लघवीत कीटोन आहेत का, ते पाहायचे. निरोगी माणूस चालू लागला की त्याचे स्वादुपिंड आपोआप हात आखडता घेते. मी टोचून घेतलेले इन्शुलिन मात्र मागे घेता येत नाही. शिवाय राबणारे स्नायू इन्शुलिनची वाट न पाहताही साखर ओढून घेतात. (जोराची धाव मात्र कधी कधी साखर उलट वाढवते, संप्रेरकांचा हा विनोद मला अद्याप पचलेला नाही.) व्यायाम सोडा, असे सांगणाऱ्यांना मी वसीम अक्रमचे नाव ऐकवतो. १९९७ साली निदान झाल्यावरही तो २००३ पर्यंत जलद गोलंदाजी करीत होता.

खरे भय रात्रीचे. रिते झालेले स्नायू झोपेतही आपला साठा भरत राहतात. रात्री २ वाजता घामाने भिजून जाग येते तेव्हा साधे शब्दही सापडत नाहीत, आणि आयुष्यभर शब्दांवर पोट भरलेल्या माणसाला ते फार लागते. म्हणून टेकडी चढलेल्या दिवशी रात्रीचे इन्शुलिन, डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे, थोडे कमी घेतो. उशाशी ग्लुकोज पावडर असते.